पहिलं एरर नाणं: ऑफ-सेंटर, ब्रॉकेज की मधलं गायब असलेलं दहाचं?

एरर नाणं म्हणजे टांकसाळीतच छापताना चुकलेलं नाणं. नाण्यांच्या प्रदर्शनातल्या टेबलावर नवख्याची नजर आधी जाते ती मधला भाग नसलेल्या दहाच्या नाण्यावर. माझं ऐकाल तर ते सगळ्यात शेवटी घ्या. या नाण्याची बाहेरची कडी आणि आतली चकती टांकसाळीत एकाच दाबाखाली एकमेकांत बसतात, पण घरी हातोडी चालवूनही त्या वेगळ्या करता येतात. चकती नसतानाच ठसा पडला असेल तर धातूला आतून अडवायला काही नसतं, म्हणून भोकाची कड सहसा आत सरकलेली, किंचित फुगीर दिसते. ठोकून पाडलेल्याची आतली भिंत सरळ असते आणि भिंगाखाली तिच्यावर ओरखडे सापडतात. मोबाइलवरच्या फोटोत यातलं काही कळत नाही.

ऑफ-सेंटरचं, म्हणजे ठसा मध्यापासून सरकून पडलेल्या नाण्याचं, तसं नाही; पहिली खरेदी तीच. तिथे सोनाराचा काटा तुमच्या बाजूने असतो. 1992 पासूनचा 25 मिमीचा स्टीलचा रुपया 4.85 ग्रॅमचा. ठसा अर्धा बाहेर पडला तरी वजन जवळपास तेवढंच भरायला हवं, कारण धातू कुठे गेलेलाच नसतो. बरंच कमी भरलं की कानशीचा संशय घ्या. न छापलेला भाग साधा असतो, आणि नाणं पूर्ण गोल राहत नाही. उलटून पाहा: दोन्ही बाजूंचं चित्र नाण्याच्या एकाच कडेकडे सरकलेलं हवं. सालाबरोबर टांकसाळीची खूणही दिसत असेल तर भाव चढतो. मुंबईचा हिरा, हैदराबादची चांदणी, नोएडाचा ठिपका. कोलकात्याला खूणच नसते.

ब्रॉकेज मला सर्वांत देखणं वाटतं. आधीचं नाणं ठशाला चिकटून राहतं आणि पुढच्या कोऱ्या चकतीवर त्याचीच उलटी, खोलगट छाप उठते. नकली करणारे दोन नाणी शेगड्यात (व्हाइसमध्ये) आवळतात. उलटी छाप तशीही मिळते, पण तिच्याखाली मूळ चित्राचे अवशेष डोकावतात आणि मागच्या बाजूचे उंचवटे चेपलेले असतात. खऱ्या ब्रॉकेजची मागची बाजू सहसा नेहमीसारखी ठसठशीत. हे ओळखायला हात बसावा लागतो, म्हणून दुसरी खरेदी ही.

खिसा हलकाच असेल तर डाय रोटेशन घ्या, म्हणजे एका बाजूचा ठसा फिरलेलं नाणं. सिंह उभे धरून नाणं डावीकडून उजवीकडे फिरवायचं. मागची बाजू आडवी किंवा उलटी आली की झालं. स्वस्त आहे, कारण अशी नाणी बऱ्यापैकी सापडतात. दोन नाणी जोडून तर केलेलं नाही ना, म्हणून कडेला सांधा तेवढा तपासा.

नाणी तपासून डबीबंद करून देणाऱ्या पीसीजीएस किंवा एनजीसी या कंपन्यांची डबी? चार-पाचशेच्या नाण्याला फीच जड जाते. महागडं ब्रॉकेज घेताना मात्र डबीबंदच बघा, आणि पैसे देण्याआधी तिच्यावरचा क्रमांक त्यांच्या संकेतस्थळावर टाकून, तिथे फोटो असेल तर तो हातातल्या नाण्याशी ताडून पाहा. डब्याही नकली निघतात.