रिलीज ठरवताना पक्कं काय धरायचं: तारीख की यादी?

सॉफ्टवेअर बनवणारी नवी टीम अ‍ॅजाइलकडे, म्हणजे छोट्या टप्प्यांत काम करायच्या पद्धतीकडे, वळली की पहिला वाद बहुतेक वेळा स्प्रिंट (असा एक टप्पा) किती आठवड्यांचा ठेवायचा यावर होतो. त्याहून मोठा प्रश्न मात्र तसाच राहतो. रिलीजची, म्हणजे नवी आवृत्ती वापरणाऱ्यांना द्यायची, तारीख पक्की धरून तेवढ्यात बसेल ते द्यायचं, की कामांची यादी पक्की धरून ती संपेल तेव्हा द्यायचं? 'दोन्ही पक्कं पाहिजे' म्हणणारा मॅनेजर असतोच. तिथे तिसरंच काहीतरी सैल पडतं, आणि बहुधा ते टेस्टिंग असतं.

स्क्रम गाइडमध्ये, म्हणजे स्क्रम या अ‍ॅजाइल पद्धतीच्या नियमपुस्तिकेत, याचं उत्तर शोधू नका. स्प्रिंट एक महिन्याहून मोठा नको, महिन्याच्या स्प्रिंटचं प्लॅनिंग आठ तासांत आटपा, असे नियम 2020 च्या आवृत्तीत आहेत. पण रिलीज प्लॅनिंग तर 2011 मध्येच गाइडमधून निघालं. तो निर्णय तुमचा तुम्हीच घ्यायचा.

माझं मत आधीच सांगतो: पुढची रिलीज जवळ असेल तर तारीख धरा. लांब असेल तर आधी ती जवळ आणता येते का ते बघा.

यादी धरली तर

जावा या प्रोग्रॅमिंग भाषेचं उदाहरण बोलकं आहे. मोड्यूल व्यवस्थेचं काम, म्हणजे जिगसॉ, आधी जावा 7 मध्ये येणार होतं, मग 8 मध्ये. आलं ते 9 मध्ये, सप्टेंबर 2017 ला. ही रिलीजही जिगसॉपायी पुढे ढकलली गेली, आणि तयार असलेली बाकीची कामं एका अडलेल्या कामासाठी खोळंबली. त्यानंतर पद्धतच बदलली: दर सहा महिन्यांनी, मार्च आणि सप्टेंबरमध्ये, जे तयार असेल ते बाहेर. जावा 10 मार्च 2018 ला आलं. राहिलेलं काम पुढच्या खेपेला जातं, कोणासाठी कोणी थांबत नाही.

तरीही यादी धरावीच लागते अशी कामं असतात. जुन्या सिस्टीममधला सगळा डेटा नव्या सिस्टीममध्ये न्यायचा असेल, तर ऐंशी टक्के स्थलांतराचा कोणाला उपयोग नाही. उलट दोन्ही सिस्टीम सांभाळत बसावं लागतं. असं काम हातात असेल तर स्प्रिंटचा क्रम धोक्यावरून लावा. जे आधी कधीच केलेलं नाही, ज्यात दुसऱ्या टीमच्या एपीआयवर (दोन प्रोग्रॅम जोडणाऱ्या दुव्यावर) अवलंबून राहायचं आहे, ते पहिल्या दोन स्प्रिंटमध्ये घ्या. टीमला सोपं आधी उरकायचा मोह होतो. त्यामुळे तक्ता हिरवागार दिसतो आणि शेवटच्या स्प्रिंटमध्ये नेमकं इंटिग्रेशनपाशी, म्हणजे सगळे तुकडे जोडताना, घोडं अडतं.

तारीख धरली तर

उबुंटू या ऑपरेटिंग सिस्टीमच्या आवृत्त्या एप्रिल आणि ऑक्टोबरमध्ये येतात. 24.04 या नंबरातच वर्ष आणि महिना आहे. 2006 मध्ये एप्रिलची आवृत्ती जूनवर गेली तर नंबरही 6.06 झाला. लिनक्स कर्नेलमध्ये, म्हणजे अशा सिस्टीमच्या गाभ्यात, नवी कामं आत घ्यायची खिडकी साधारण दोन आठवडे उघडी असते, मग नुसती दुरुस्ती. खिडकी चुकली तरी फार बिघडत नाही, कारण पुढची दोन-अडीच महिन्यांत येते.

सगळी मेख इथेच आहे. पुढची संधी जवळ असेल तर माणूस अर्धवट काम दामटत नाही. वर्षातून एकदाच रिलीज करणाऱ्या टीमने तारीख पक्की धरली तर शेवटच्या महिन्यात प्रत्येकाला आपलं फीचर आत कोंबायचं असतं, कारण राहिलं तर वर्षभर राहिलं.

आता आकडे मांडून बघू. समजा दोन आठवड्यांचे स्प्रिंट आहेत आणि मागच्या सहांत पूर्ण झालेले पॉइंट (काम किती मोठं याचा टीमचा अंदाजी आकडा) 14, 22, 19, 17, 24, 18. सरासरी 19. बॅकलॉगमध्ये, म्हणजे बाकी कामांच्या यादीत, 130 पॉइंट उरलेत. सरासरीने भागून 'सात स्प्रिंट' असं सांगून मोकळं होणं सोपं आहे, पण तसं करू नका. सर्वांत संथ तीन स्प्रिंटची सरासरी सुमारे 16.3, वेगवान तिघांची सुमारे 21.7. यादी पक्की असेल तर उत्तर होतं सहा ते आठ स्प्रिंट, म्हणजे 12 ते 16 आठवडे.

तारीख पक्की असेल आणि हातात सहा स्प्रिंट असतील तर हेच गणित उलटं वाचा. क्रमाने लावलेल्या बॅकलॉगमध्ये 98 पॉइंटपाशी (संथ वेगाने सहा स्प्रिंट) एक रेघ मारा, 130 पाशी (वेगवान सहा) दुसरी. पहिल्या रेघेच्या वरचं बहुतेक होणार, मधलं जमलं तर, आणि दुसरीच्या खाली काही असेल (इथे नाही) तर ते नाही. प्रॉडक्ट ओनरला, म्हणजे कामांचा क्रम ठरवणाऱ्याला, हा कागद दाखवला की चर्चा 'कधी होणार' वरून 'वर काय सरकवायचं' यावर येते. दर स्प्रिंटनंतर रेघा पुन्हा मारायच्या. मधल्या पट्ट्यातलं काही क्लायंटला कबूल करू नका. ऐकणारा 'जमलं तर' हे शब्द हमखास गाळतो.

यासाठी स्टोरी, म्हणजे बॅकलॉगमधलं एकेक काम, कापायची पद्धतही बदलावी लागते. 'डेटाबेस', 'बॅकएंड', 'स्क्रीन' असे तुकडे केले तर तारखेला हातात तीन अर्धी कामं उरतात. सर्च द्यायचा असेल तर आधी फक्त नावावरून शोध, स्क्रीनपासून डेटाबेसपर्यंत पूर्ण; फिल्टर पुढच्या स्टोरीत.

आणि दोन्ही बाहेरून आली तर

समजा कायदा बदलतोय, तारीख सरकारची, कामंही सरकारनेच ठरवलेली. मग तुमच्या हातात फक्त सुरुवात कधी करायची आणि त्या काळात बाकी काय थांबवायचं एवढंच उरतं. ऐन वेळी माणसं वाढवून फारसं साधत नाही, नव्यांना शिकवण्यात जुन्यांचाच वेळ जातो.

तिसरी वाट

रिलीज ही घटनाच न ठेवता काम झालं की लगेच प्रॉडक्शनला, म्हणजे प्रत्यक्ष वापरातल्या सिस्टीमवर, पाठवायचं, आणि फीचर फ्लॅग (कोडमधला चालू-बंद करायचा खटका) चालू करेपर्यंत ते वापरणाऱ्याला दिसू द्यायचं नाही. तारीख-यादीचा बराचसा वाद यात मिटतो, कारण कोड जाणं आणि फीचर दिसणं वेगळं होतं. पण ऑटोमेटेड टेस्ट भरवशाच्या नसतील तर या वाटेला जाऊच नका. आणि फ्लॅग टाकाल त्याच दिवशी तो काढायची स्टोरीही बॅकलॉगमध्ये टाका. नाहीतर वर्षभराने कुठला फ्लॅग बंद केला तर काय मोडेल, हे टीममध्ये कोणालाच सांगता येत नाही.