पावसाळी सह्याद्रीत ट्रेकिंग पोल की बांबूची काठी?

हिमालयातल्या आठ-दहा दिवसांच्या ट्रेकला उत्तर सोपं आहे: दोन पोल घ्या. पाठीवर ओझं असतं, वाट लांबच लांब असते, दोन्ही हातांचा ताल बसतो आणि उताराला गुडघ्यांवरचा भार खरोखर हलका होतो. पावसाळ्यात राजगड-तोरणा करायचा असेल तर मात्र हेच उत्तर लागू पडेल असं मला वाटत नाही.

पोल म्हणजे एकात एक सरकणाऱ्या नळ्यांची काठी. तिचं सगळं गणित लांबीवर. सपाटीला कोपर काटकोनात राहील एवढी, चढाला ५ ते १० सेंमी कमी, उताराला तेवढीच जास्त. आपल्या वाटा एवढा वेळ देत नाहीत. डोंगराची सोंड उतरता उतरता खिंड येते, मग थोडा चढ, आडवी वाट, पुन्हा घसारा, म्हणजे सुट्या मातीचा घसरडा उतार. दर वेळी नळ्या जागी धरणारं लॉक उघडून लांबी बदलायचा कंटाळा येतो. मग पोल आहे त्याच लांबीवर राहतो, उताराला आखूड पडतो आणि माणूस पुढे ओणवा होतो. बांबूच्या काठीवर नुसता हात सरकवायचा: चढाला खाली, उताराला वर.

पण माझा कौल काठीकडे फिरला तो लॉकमुळे. फिरवून आवळायच्या पोलमध्ये आतल्या स्क्रूवर प्लास्टिकचा शंकू असतो. तो फुगून नळीला आतून घट्ट धरतो. पावसात नळीवर लाल मातीचा पातळ लगदा बसतो, लांबी कमी करताना तो आत ओढला जातो आणि शंकूची पकड सुटते. हे सपाटीला कळतच नाही. कळतं ते घसाऱ्यावर, सगळा भार पोलवर टाकल्यावर. पोल एकदम वीतभर आत जातो आणि तोल पुढे जातो. कितीही आवळा, लगदा आत असेपर्यंत तो पुन्हा घसरतोच. उपाय एकच: भाग वेगळे करायचे, शंकू आणि नळी कोरड्या फडक्याने पुसायची, मग आवळायचं. तेल चुकूनही लावू नका.

बाहेरून लिव्हर दाबायचे पोल यापेक्षा पुष्कळ बरे. पोलच घ्यायचे ठरले तर तेच घ्या. त्यांच्या लिव्हरचाही छोटा स्क्रू सैल होत जातो. उतरायला लागण्याआधी प्रत्येक पोल टेकवून त्यावर पूर्ण वजन टाकून पाहा; घसरला तर स्क्रू पाव फेरा आवळा. जास्त आवळलं तर लिव्हर तडकतं. घरी आल्यावर भाग सुटे करून रात्रभर वाळवा. ओले ठेवले तर अॅल्युमिनियमवर पांढरी भुकटी धरते आणि नळ्या एकमेकींत अडकून बसतात.

टोकाचंही बघा. पोलचं कार्बाइडचं कडक टोक मुरमात छान रुततं, ओल्या कातळावर मात्र करकरत सरकतं. रबरी टोपी कातळावर धरते, पण चिखलात निघून तिथेच राहते. शेवाळावर काठी काय, पोल काय, दोन्ही सारखेच.

काठी मात्र निवडून घ्यावी लागते. पायथ्याच्या गावात मिळणारी बहुतेक वेळा ओली आणि पोकळ असते. भरीव मानवेल किंवा कोकणातला माणगा या जातीचा बांबू मिळाला तर उत्तम. जाडी ३ सेंमीच्या आसपास, उंची खांद्यापर्यंत, पेरं, म्हणजे गाठी, जवळजवळ. बांबू पावसाळा संपल्यावर तोडलेला असावा. पावसाळ्यातल्या बांबूत पिठूळ अंश जास्त, त्याला भुंगा लवकर लागतो. दोन महिने सावलीत वाळवून अळशीचं तेल चोळा. खालचं टोक पेराच्या अगदी लगत कापा, म्हणजे चिरत नाही. त्यावर कुबडीचं रबरी बूच घट्ट बसवा, आत लोखंडी वॉशर टाका. नाहीतर बांबूची कडा महिनाभरात बूच फाडून बाहेर येते. अभयारण्यातला बांबू तोडू नका, तो गुन्हा आहे.

ओढा ओलांडताना काठीचा खरा उपयोग कळतो. प्रवाहाच्या वरच्या बाजूला तोंड करून काठी पुढे रोवायची, दोन्ही हातांनी तिच्यावर रेलायचं आणि एका वेळी एकच गोष्ट हलवायची, पाऊल किंवा काठी. बारीक पोल अशा वेळी पाण्याच्या जोराने थरथरतो. पोल घेऊनच ओढ्यात उतरावं लागलं तर मनगटाचे पट्टे आधी काढा. टोक दगडांत अडकलं तर हातच ओढला जातो. शिवाय एरवी वाटेवर काठी एकाच हातात असते, दुसरा हात कारवीची झुडपं धरायला मोकळा राहतो.

काठी हरते ती शिड्यांवर. कळसूबाईच्या लोखंडी शिड्या किंवा राजगडच्या चोरदरवाजाखालचा टप्पा, दोन्हीकडे दोन्ही हात लागतात. पोल मिटून सॅकला अडकवता येतो, काठी नाही. अशा ठिकाणी ती वरून खाली टाकू नका, उसळून खालच्या माणसाला लागते. वरच्या पेराखाली दोन मीटर दोरी बांधून ठेवा. चढताना काठी पाठीवर तिरपी अडकवायची, उतरताना दोरीने आधी खाली सोडायची. शिड्यांच्याच वाटा जास्त करत असाल, किंवा दोन्ही गुडघे दुखरे असतील, तर लिव्हरवाली पोलची जोडी घ्या.