४के स्क्रीनवर स्लाइड अडखळतेय: रिझोल्यूशन कमी करू, फोटो हलके करू की नवा लॅपटॉप घेऊ?

आधी एक टेस्ट करा, बाकी सगळं नंतर. प्रेझेंटेशन बंद ठेवून मोठ्या स्क्रीनवर नुसता माउस गोल गोल फिरवा. बाणच तुटक पळत असेल तर स्लाइडचा काही दोष नाही, बहुतेक स्क्रीन ३० हर्ट्झवर (म्हणजे सेकंदाला ३० वेळाच चित्र बदलत) चालतेय, मग फोटो कितीही कॉम्प्रेस करा. बाण मस्त सरकतोय आणि झटके फक्त स्लाइड बदलताना, तर फाइल जड आहे.

३० हर्ट्झचं कारण जुना पोर्ट नाहीतर मधला कन्व्हर्टर. एचडीएमआय (लॅपटॉप-स्क्रीन जोडणारी नेहमीची केबल-पोर्ट) च्या जुन्या १.४ आवृत्तीवर ४के जास्तीत जास्त ३० हर्ट्झ मिळतं, ६० हवं तर पोर्ट, कन्व्हर्टर, स्क्रीन सगळंच २.० चं लागतं, एक जरी जुना निघाला की बाकीचे त्याच्याच चालीने चालणार.

तासाभरात बोलायला उभं राहायचंय? डिस्प्ले सेटिंगमध्ये १९२०×१०८० करा आणि मोकळे व्हा. ४के म्हणजे जवळपास ८३ लाख पिक्सेल, हे २१ लाखांच्या आत, म्हणजे चौथा हिस्सा काम, आणि याला १.४ वरही ६० हर्ट्झ मिळतं, एका दगडात दोन पक्षी. बारीक अक्षरं जरा मऊ दिसतात, पण मागच्या रांगेतल्याला ती तशीही दिसत नव्हती!

एक दिवस हातात असेल तर मात्र फोटोच हलके करा, माझं मत विचाराल तर खरा इलाज हाच. कॅमेऱ्यातला ६०००×४००० चा फोटो डिस्कवर आठ-दहा एमबीचा दिसतो, पण उघडला की मेमरीत ९६ एमबीच्या आसपास जागा खातो, मग तो स्लाइडच्या कोपऱ्यात अंगठ्याएवढा का ठेवलेला असेना. क्रॉप केलं म्हणून खूश होऊ नका, कापलेला भाग फाइलमध्येच लपून बसलेला असतो, पॉवरपॉइंटच्या कॉम्प्रेस पिक्चर्समध्ये जाऊन तो डिलीट करावा लागतो. तिथेच २२० पीपीआय (दर इंचाला पिक्सेल) घ्या. १५० वर पूर्ण स्लाइडभर फोटो रुंदीला २००० पिक्सेलचाच उरतो, ४के वर ते कळतं. मूळ फाइलची कॉपी आधी बाजूला ठेवा, नंतर परत मिळत नाही.

ट्रान्झिशनमध्ये, म्हणजे स्लाइड बदलतानाच्या इफेक्टमध्ये, फेड (एक स्लाइड विरून दुसरी उमटते) लॅपटॉपला स्वस्त, मॉर्फ (वस्तू सरकत, आकार बदलत पुढच्या स्लाइडवर जातात) महाग. मॉर्फला प्रत्येक वस्तू दर फ्रेमला नव्याने मांडायची असते आणि ६० हर्ट्झवर एका फ्रेमला मिळतात जेमतेम १७ मिलिसेकंद, त्यात सावल्या आणि पारदर्शक पीएनजी भरलेत तर झालंच.

व्हिडिओ एक्सपोर्ट केला तर स्मूथ चालतो, पण कोणी मध्येच प्रश्न विचारला की पॉज शोधत बसा. स्टॉलवर आपोआप फिरत राहणाऱ्या स्क्रीनला ठीक, बोलणाऱ्या माणसाला नाही.

नवा लॅपटॉप सगळ्यात शेवटी, आणि त्याआधी चार्जर लावून, बॅटरी सेव्हर बंद करून एकदा बघाच.