दीड तिकिटात डोंगर आणि तलाव: एसटीने केलेल्या निवांत सहलींचा अनुभव

रद्द झालेल्या एका खासगी बसचे पैसे अखेर गेल्या आठवड्यात खात्यावर जमा झाले, अर्थात ‘सुविधा शुल्क’ कापूनच. तिकिटे विकणाऱ्या त्या अ‍ॅपशी महिनोन्‌महिने केलेला पत्रव्यवहार येथे उगाळत नाही. परंतु त्याच वैतागातून आम्ही डोंगर-तलावाच्या सहली एसटीनेच करायचे ठरवले आणि आता त्याविषयी लिहिण्याइतका अनुभव गाठीशी आला आहे. आम्ही जालन्याचे. घरातून निघणारे तिघे: मी, यजमान आणि पंचाहत्तरी ओलांडलेल्या सासूबाई.

‘आवडेल तेथे कोठेही प्रवास’ या पासाचे मला सुरुवातीला फार कौतुक होते. चार किंवा सात दिवस कोणत्याही मार्गाच्या गाडीत बसावे, ही कल्पनाच मोहात पाडणारी आहे. मात्र वहीत हिशेब मांडल्यावर मत बदलले. 17 मार्च 2023 पासून महिलांना एसटीत अर्धे तिकीट आहे आणि 75 वर्षांवरील ज्येष्ठांना ऑगस्ट 2022 पासून राज्यात प्रवास मोफत आहे, तेव्हा आमच्या घरात पास परवडला तर तो एकट्या यजमानांनाच परवडणार. तोही परवडत नाही, कारण निवांत सुटी म्हणजे एकाच गावी तीन-चार रात्री पाय पसरून राहणे, आणि पासात त्या बसून काढलेल्या दिवसांचेही पैसे मोजलेले असतात. रोज नवे गाव गाठणाऱ्यांनी तो जरूर घ्यावा. जानेवारी 2025 मध्ये भाडे 14.95 टक्क्यांनी वाढले, तरी आम्ही तिघे आजही दीड तिकिटात फिरतो. वाहक आधार कार्ड पाहून यंत्रातून शून्य रुपयांचे तिकीट काढतो, आणि सासूबाई ते उजेडात धरून, आकडा खरोखरच शून्य आहे ना हे पाहून मगच कार्डाच्या पाकिटात ठेवतात.

महाबळेश्वरबद्दल थोडक्यात सांगते. मराठवाड्याकडून जाणारी गाडी पुण्यात शिवाजीनगर-वाकडेवाडीला सोडते, महाबळेश्वरची गाडी मात्र स्वारगेटहून सुटते. मधल्या या तुकड्याला रिक्षावाले पूर्वी मागतील ते द्यावे लागे. सप्टेंबर 2024 मध्ये भुयारी मेट्रो स्वारगेटपर्यंत पोहोचल्यापासून ती कटकट मिटली आहे. वेण्णा तलाव साताऱ्याच्या अप्पासाहेब महाराजांनी 1842 मध्ये बांधला. तेथे आता नौकाविहारापेक्षा मक्याच्या कणसांचीच गर्दी अधिक असते. निवांतपणा हवा असेल तर हे ठिकाण टाळावे.

तो निवांतपणा आम्हाला भंडारदऱ्याला मिळाला, आणि त्याचे सारे श्रेय मी मुक्कामी गाडीला देते. कोणी म्हणेल, समोर 1646 मीटरचे कळसूबाई शिखर, प्रवरेवर 1926 मध्ये पुरे झालेले विल्सन धरण आणि त्यामागे पसरलेला जलाशय असताना ही बाई बसचेच गुणगान काय करते! पण धरणाजवळच्या शेंडी गावापर्यंत नाशिक-घोटीमार्गे किंवा संगमनेर, अकोले, राजूरमार्गे सहज पोहोचता येते. खरी अडचण त्यापुढे, पाण्याच्या कडेने आत जाणाऱ्या वाड्यांना गाठताना येते. तेथे जीपवाल्याने तलावाला फेरी मारण्याचे जे पैसे सांगितले, त्यात आमचे तिघांचे जालना ते शेंडी जाणे-येणे झाले असते.

मुक्कामी गाडी संध्याकाळी शेवटच्या गावी जाते, रात्री तेथेच राहते आणि पहाटे तालुक्याकडे परतते. आपणही तिच्याबरोबर राहायचे, एवढीच युक्ती आहे. ज्या घरी उतरलो होतो त्यांनी नाचणीची भाकरी आणि पिठले वाढले. चालक-वाहक जेवून गाडीतच बाकांवर आडवे झाले. पहाटे चालकाने जुन्या वर्तमानपत्राने काचेवरचे दव पुसले, मागच्या दाराशी दुधाच्या किटल्या चढल्या, आणि सासूबाईंना चहा पुरा पिऊन होईपर्यंत वाहकाने दोरीला हात लावला नाही. त्या वेळी आपल्या तालुक्यातही अशा गाड्या असतात, आणि आपण त्यांना ‘खेड्याची गाडी’ म्हणून कधी मोजतच नाही, हे जाणवले.

म्हणून बेत उलटा आखावा. लांब पल्ल्याचे आरक्षण आधी करून मोकळे होऊ नये, कारण आरक्षणाच्या अ‍ॅपवर फक्त आरक्षणाच्या गाड्या दिसतात; खेड्यापाड्यांच्या साध्या फेऱ्या तेथे नसतात. त्यांची वेळ स्थानकातील फलकावर असते, आणि फलकावरचा रंग उडालेला असेल तर चौकशी खिडकीवर. प्रथम तालुक्याच्या आगाराला दूरध्वनी करून शेवटच्या गाडीची वेळ विचारावी, मग त्याआधी दोन तास पोहोचेल असा मधला टप्पा पाहावा, आणि जालन्याहून निघण्याची वेळ सर्वांत शेवटी ठरवावी. सामान मांडीवर मावेल एवढेच असावे; चाकांच्या बॅगेला साध्या गाडीत जागा नसते आणि वाडीच्या रस्त्यावर तिच्या चाकांचा काही उपयोगही नसतो.

एक मोठी अडचण मात्र राहते. आतल्या गावांच्या पुष्कळ फेऱ्या शाळा-महाविद्यालयांच्या वेळांना बांधलेल्या असतात, शाळकरी मुलींसाठी मानव विकास या सरकारी कार्यक्रमातून धावणाऱ्या निळ्या गाड्या तर विशेषच, त्यामुळे दिवाळीत आणि मे महिन्यात, म्हणजे नेमक्या आपल्याला सवड असते तेव्हाच, त्या फेऱ्या कमी होतात. यजमानांची रजा आता त्याच हिशेबाने मागितली आहे: डिसेंबरचा पहिला आठवडा, सोमवार ते शुक्रवार, शाळा चालू असताना.