१९६५ ची फेंडर जॅग्वार, रंग लेक प्लॅसिड ब्लू: एक हिवाळा आणि एक उन्हाळा वापरल्यानंतर

आधी निकाल सांगून टाकतो, मग सविस्तर. वाजवायला जॅग्वार ही फेंडर कंपनीची इलेक्ट्रिक गिटार कटकटीची आहे. दिसायला वेड लावणारी आहे. आणि ज्या निळ्यासाठी जास्तीचे पैसे मोजले, तो निळा आता निळा उरलेलाच नाही. तरी विकायचा विचार नाही.

ज्यांना हा प्रकार नवीन आहे त्यांच्यासाठी थोडी पार्श्वभूमी. साठच्या दशकात फेंडरच्या फुलर्टन, कॅलिफोर्नियाच्या कारखान्यातून निघणाऱ्या बहुतेक गिटारी सनबर्स्ट असत, म्हणजे मधे पिवळसर आणि कडेला काळपट. दुसरा रंग हवा असेल तर ५ टक्के जास्त द्यायचे. १९६० च्या सुमारास कंपनीने रंगांचा छापील तक्ताच काढला, त्यात चौदा रंग होते. हे बहुतेक ड्यूपॉन्ट या रसायन कंपनीने मोटारींसाठी बनवलेले रंग. फिएस्टा रेड हा १९५६ च्या फोर्ड थंडरबर्डचा, शोरलाइन गोल्ड १९५९ च्या पाँटिअॅकचा आणि आमचा लेक प्लॅसिड ब्लू १९५८ च्या कॅडिलॅकचा. त्या वेळी फार कमी लोकांनी ते ५ टक्के दिले, म्हणून आज अशा गिटारी कमी सापडतात. जी सापडते तिच्यासाठी त्याच वर्षाच्या सनबर्स्टपेक्षा ५ टक्क्यांच्या कितीतरी पट जास्त मोजावे लागतात. उलट त्याच गिटारीला नंतर कुणी पुन्हा रंग मारला असेल, कितीही सफाईदार का असेना, तर किंमत साधारण निम्म्यावर येते. थोडक्यात, तुम्ही लाकूड आणि तारा घेताय असं वाटतं, पण सौदा होतो तो मिलिमीटरहून पातळ थराचा.

म्हणून खरं काम खरेदीच्या आधी असतं. मी न्यू जर्सीत राहतो, त्यामुळे बघायला गिटारी मिळतात, हा एक फायदा. सुरुवातीला मन बसलं होतं एका लाल जॅझमास्टरवर (हेही फेंडरचंच मॉडेल), १९६२ ची, फिएस्टा रेड म्हणून जाहिरात केलेली. दुकानदार 'ऑल ओरिजिनल' चा जप करत होता. पिकगार्ड (बॉडीवरची प्लास्टिकची पट्टी) काढायला सांगितल्यावर चेहरा पडला, पण काढलं. त्या काळात कारखान्यात बॉडीला आधी बारीक खिळे ठोकत, म्हणजे रंगवून वाळत ठेवताना ती टेबलाला टेकत नसे. रंग वाळल्यावर खिळे उपटायचे. त्यामुळे मूळ रंगाच्या गिटारीत त्या खिळ्यांच्या भोकांत कोरडं लाकूड दिसायला हवं. इथे भोकात आतपर्यंत लाल रंग उतरलेला. म्हणजे खिळे उपटून कितीतरी वर्षं झाल्यावर कुणीतरी ब्रश किंवा स्प्रे चालवलाय. मी नमस्कार करून निघालो.

लाल रंगाच्या बाबतीत तर जास्तच सांभाळावं लागतं. १९५९ मध्ये इंग्लिश गायक क्लिफ रिचर्डने आपल्या साथीच्या शॅडोज बँडचा गिटारवादक हँक मार्विनसाठी अमेरिकेतून फेंडरची स्ट्रॅटोकास्टर (थोडक्यात स्ट्रॅट) मागवली, ती लाल होती. शॅडोज गाजले आणि इंग्लंडातल्या प्रत्येक पोराला लाल गिटार हवी झाली. मग तिथेच इतर रंगांच्या गिटारी त्या काळातच लाल रंगवून विकल्या गेल्या. त्या रंगालाही आता साठ वर्षं झालीत, त्यावर तडेही गेलेत, झीजही खरीच आहे. पण कारखान्याचा रंग नाही तो नाहीच. दिसायला म्हाताऱ्या, पण दुसऱ्या घरच्या.

माझी जॅग्वार एका निवृत्त वादकाकडून आली. नेक, म्हणजे गिटारीची मान, काढून बघितली. टाचेवर, म्हणजे बॉडीत बसणाऱ्या टोकावर, १९६५ च्या जूनचा शिक्का. पॉटवर (आवाजाच्या बटणाखालच्या विजेच्या भागावर) ३०४६५१८ हा आकडा, म्हणजे ३०४ स्टॅकपोल कंपनी, ६५ साल, अठरावा आठवडा. जुळलं. नेक जिथे बसते त्या खाचेत रंग नसलेली एक लांबट पट्टी दिसली. खिळ्यांनंतर कारखान्यात एक काठी त्या खाचेत स्क्रूने बसवून तिला धरून बॉडी रंगवत, आणि काठीखालची जागा कोरी राहायची. ती पट्टी बघून जे समाधान झालं ते गिटार हातात घेतल्यावरही झालं नव्हतं. शेवटी खोलीत अंधार करून अल्ट्राव्हायोलेट टॉर्च मारला. जुनं नायट्रोसेल्युलोज लॅकर त्या प्रकाशात हिरवट-पिवळं चमकतं, नवं डागडुजीचं लॅकर मेल्यासारखं गडद दिसतं. पट्ट्याच्या बटणाजवळ एक नखाएवढा गडद ठिपका निघाला. विकणाऱ्या काकांनी तो आधीच सांगितला होता, म्हणून भाव पुढे सरकला.

आता रंगाबद्दल. पांढरं पिकगार्ड उचललं की खाली जो निळा आहे तो बघून तोंडात बोट जातं. गडद, आत चांदीची पूड विरघळलेला, कोजागरीच्या रात्रीच्या आकाशाचा. पिकगार्डबाहेर मात्र हा निळा मोरपिशीकडून हिरव्याकडे सरकलाय. कारण सरळ आहे: खाली निळं अॅक्रिलिक लॅकर, वर पारदर्शक नायट्रोसेल्युलोजचा हात. वरचा हात काळाने आणि उजेडाने पिवळा पडतो, आणि निळ्यावर पिवळा म्हणजे हिरवा. हेडस्टॉकही (नेकचं वरचं टोक) बॉडीच्याच रंगाचा आहे (जॅग्वार आणि जॅझमास्टरला कस्टम कलरमध्ये हे मिळायचं, स्ट्रॅटला सहसा नाही), आणि माझ्या गिटारीवर तो बॉडीपेक्षाही हिरवा झालाय. ज्या गिटारींवर कारखान्यात वरचा हात मारलाच नाही त्या अजून निळ्याशार असतात. मला विचाराल तर ही हिरवट जास्त आवडते, पण हे घेतल्यानंतर सुचलेलं तत्त्वज्ञानही असू शकतं.

आईला व्हिडिओ कॉलवर दाखवली. तिने चष्मा वर केला आणि म्हणाली, "अरे, जुनीच घ्यायची होती तर निदान रंग तरी लावून घ्यायचास." बाजारभावाच्या दृष्टीने याहून महाग सल्ला मला कुणी दिलेला नाही.

वाजवण्याबद्दल. जॅग्वार १९६२ ला आली तेव्हा ती फेंडरची सगळ्यात महागडी, सगळ्यात जास्त स्विच असलेली गिटार होती. नेक छोटी, तारेची लांबी २४ इंच, स्ट्रॅटची साडेपंचवीस. आखूड बोटांच्या माझ्यासारख्याला हे वरदान, एका बोटाने सगळ्या तारा दाबायचे बार्रे कॉर्ड हात न दुखवता लागतात. पण ब्रिज, म्हणजे बॉडीवर तारा टेकतात तो भाग! तारा ब्रिजवरून फार कमी कोनात खाली उतरतात, त्यामुळे जरा जोरात वाजवलं की तार खोबणीतून निसटते, आणि सॅडलचे (ब्रिजवरच्या तारांच्या आधारांचे) बारीक स्क्रू थरथरून आपोआप ढिले होतात. या गिटारी त्या काळच्या जाड फ्लॅटवाउंड (सपाट गुंडाळीच्या) तारांसाठी बनल्या होत्या. दहाच्या, म्हणजे पातळ, तारा लावल्या तर ती खुळखुळ्यासारखी वाजते. मी अकराचा संच लावला, नेकखाली पातळ शिम (पाचर) घातली आणि मूळ ब्रिज काढून केसच्या (गिटारीच्या पेटीच्या) कप्प्यात ठेवून फेंडरच्याच मस्टँग गिटारीचा ब्रिज बसवला. नव्वद टक्के कटकट गेली. मूळ ब्रिज फेकू नका, विकताना त्याचे पैसे मिळतात.

आवाज धारदार आहे. लीड सर्किटला (मुख्य वायरिंगला) एक मेगओमचे पॉट आहेत, म्हणून ट्रेबल भरपूर. पिकअपभोवतीच्या (तारांचा आवाज पकडणाऱ्या भागांभोवतीच्या) दातेरी पट्ट्यांमुळे गुणगुण थोडी कमी होते, बंद होत नाही. वरच्या बाजूच्या रिदम सर्किटवर गेलात की एकदम गुळगुळीत, जुन्या रेडिओसारखा आवाज. तो मी मंडळाच्या गणेशोत्सवातल्या ऑर्केस्ट्रात भरपूर वापरला. सत्तरच्या दशकातली हिंदी गाणी बसवताना टुणटुणत्या गिटारीच्या जागा असतात, तिथे स्प्रिंग रिव्हर्ब आणि ट्रेमोलोचा हलका हात दिला की अगदी तोच पोत. लांब बेंड (तार ताणून सूर चढवणं) मात्र विसरा. फ्रेटबोर्डच्या (नेकवर बोटं दाबतात त्या पट्टीच्या) गोलाईची त्रिज्या सव्वासात इंचाची आहे, उंच फ्रेटवर (त्यावरच्या धातूच्या आडव्या पट्ट्यांवर) तार ताणली की सूर घशातच अडकतो. जॅझ, सर्फ, इंडी वाजवणाऱ्यांसाठी उत्तम. रॉक सोलो मारायचे असतील तर दुसरीकडे बघा.

सांभाळणं हा वेगळाच संसार आहे. नायट्रोचं रबराशी वैर आहे. साध्या स्टँडचं रबर किंवा फोम आठवडाभर टेकून राहिला तरी रंग मऊ पडून चिकटतो. दुकानात 'सेफ' म्हणून स्टँड विकतात, त्यावर फार भरवसा नको. मी स्टँडच्या हातांना आजोबांच्या धुवट धोतराचं सुती फडकं गुंडाळलंय. हिवाळ्यात गाडीतून घरी आणली की केस लगेच उघडायची नाही, बंदच घरच्या उबेला येऊ द्यायची. थंड लाकूड अचानक ऊब खातं तेव्हा वरच्या लॅकरला तितक्या वेगाने हलता येत नाही आणि केसासारखे तडे जातात. माझ्या गिटारीवर ते आधीपासून आहेत, नवे पडलेले दिसत नाहीत. हीटर सुरू असताना खोलीतली आर्द्रता पंचेचाळीस ते पन्नास टक्के ठेवतो. पुसायला फक्त कोरडं सुती कापड. सिलिकॉनवाली पॉलिश अजिबात नको.

इथेच सगळ्यात महत्त्वाचा मुद्दा येतो: खरचटलेली घ्या. माझ्या गिटारीच्या मागे बेल्टच्या बकलने लाकडापर्यंत रंग गेलाय, कोपराखाली बॉडीची कड उघडी आहे. त्यामुळे ती केसबाहेर असते, रोज वाजते. ओळखीच्या एकाकडे अशीच, पण जवळपास कोरी कँडी अॅपल रेड आहे. त्याने किती वेळा वाजवली विचारू नका, तो कार्यक्रमाला नवी जपानी घेऊन येतो. कोऱ्या गिटारीचे जास्तीचे पैसे म्हणजे ती न वाजवण्याचे पैसे.

पुण्याचा मित्र दर फोनला म्हणतो, दिवाळीला येताना घेऊन ये. नाही आणणार. १९६५ च्या गिटारीचा फ्रेटबोर्ड म्हणजे ब्राझिलियन रोझवूडचा थर असतो, आणि ते झाड १९९२ पासून साइट्स कराराच्या (धोक्यातल्या प्रजातींच्या व्यापारावरचा आंतरराष्ट्रीय करार) पहिल्या, सगळ्यात कडक परिशिष्टात आहे. परवान्याशिवाय देशाबाहेर काढली की जप्तीची टांगती तलवार. गंमत म्हणजे १९६६ च्या आसपास फेंडर भारतीय रोझवूडकडे वळली, म्हणजे आपली शिसवी. आजीच्या माजघरातल्या पलंगाची सोयरीक कॅलिफोर्नियाच्या गिटारीशी लागली, तीही अशी.

विम्याचंही बघून ठेवा. घराच्या साध्या पॉलिसीत वाद्यांना मर्यादा असते, वेगळी नोंद करावी लागते, आणि त्यासाठी मूल्यांकनाचं पत्र लागतं. ते पत्र घेताना नेकची टाच, पॉटचे आकडे, खाचेतली पट्टी या सगळ्याचे फोटो जोडा, पुढे विकतानाही कामाला येतात.

'प्री-सीबीएस' (सीबीएस या प्रसारण कंपनीने फेंडर विकत घेण्याआधीची) या शब्दासाठी मात्र वेगळे पैसे मोजू नका. कंपनी १९६५ च्या जानेवारीत सीबीएसने १ कोटी ३० लाख डॉलरला घेतली, पण जूनमध्ये माझी गिटार बनवणारे हात बहुधा तेच होते जे डिसेंबरमध्ये होते. मला फरक सापडला तो फक्त किमतीत.

पुढचं काम फ्रेटचं. पहिल्या पाच फ्रेटवर खाचा पडल्यात, उघड्या कॉर्डला झणझण येते. आधी घासून सपाट करून बघणार, नवे फ्रेट अगदी नाइलाज झाला तरच. त्यातही कारागिराला एकच अट घातलीय: सोल्डरिंगला हात लावायचा नाही आणि हेडस्टॉकजवळ मास्किंग टेप चिकटवायची नाही. टेपबरोबर रंग निघून येतो.