पुण्यातलं मुलांचं ग्रोथ क्लिनिक – ४ स्टार, पाचवा वेटिंग रूमने घालवला

आधीच सांगते, रिव्ह्यू लांबलचक आहे. मी शोधत होते तेव्हा मुलींच्या पाळीबद्दल ढीगभर सापडलं पण मुलगा वयात कधी येतो, किती उशीर झाला तर काळजी करायची, यावर मराठीत धड काही मिळेना, जे मिळालं ते कुठलीतरी पावडर विकायला बसलेलं. क्लिनिकचं नाव टाकत नाहीये कारण तक्रारही लिहिणार आहे आणि चिरंजीव हल्ली माझा फोन उघडून बघतात.

आम्ही साताऱ्याचे. मुलगा तेव्हा १३ वर्षं ८ महिन्यांचा, नववीत. उंची शाळेच्या कार्डावर १४८ सेंमी, वर्गातल्या निम्म्या पोरांना मिसरूड फुटलेलं, आवाज घोगरे झालेले, आणि आमचा अजून फोनवर बोलला की समोरचा विचारतो "बाळ, आई आहे का घरात?" त्यात मे महिन्यात जावेच्या मुलाला बघितलं लग्नात, तो याच्यापेक्षा दीड वर्षाने लहान आणि ओठांवर काळी रेघ, खांदे हे एवढे, आणि सगळ्या मावश्या आत्या दोघांना शेजारी उभं करून बघतायत. आमच्या पोराने नंतर जेवायला बसायचंच नाकारलं, गाडीत जाऊन बसला. शाळेत कबड्डी सोडली तीही याच सुमारास, कारण विचारलं तर म्हणे गुडघा दुखतो. गुडघा कसला दुखतोय, कपडे बदलायला सगळ्यांसमोर नको वाटत होतं त्याला, हे मला फार उशिरा कळलं.

मग मी काय केलं तर ऑनलाइन पावडर मागवली. हो, मीच. चॉकलेट फ्लेवर, तीन डब्यांचा कोर्स, २,८०० रुपये. कंपनीची बाई रोज फोन करायची, ताई लवकर करा, १६ नंतर उंची थांबते. तीन महिन्यांत पोराचं वजन ३ किलो वाढलं, उंची स्वयंपाकघराच्या दाराच्या चौकटीवर केलेल्या खुणेपासून हलली नाही. डब्यामागचं बारीक अक्षरातलं वाचलं तर यादीत पहिलीच वस्तू साखर. एवढ्या पैशात घरी बसून तीन महिने श्रीखंड खाल्लं असतं.

शेवटी आमच्या बालरोगतज्ज्ञांनी चिठ्ठी दिली की पुण्यात मुलांच्या हार्मोनच्या डॉक्टरांना एकदा दाखवा, तुमच्याच मनाची शांती होईल. सकाळच्या विनाथांबा एसटीने स्वारगेट, तिथून रिक्षा. अपॉइंटमेंट ११ ची होती, आत गेलो १ वाजून १० मिनिटांनी.

आता ती तक्रार. रिसेप्शनवरची मुलगी तशी वाईट नाही पण तिने भरलेल्या वेटिंग रूममध्ये फॉर्म बघून मोठ्याने विचारलं, "प्रॉब्लेम काय लिहू, उंची का वयात येत नाही?" अहो, तेरा वर्षांचा पोरगा उभा आहे तिथे! कान लाल झाले त्याचे. पंधरा माणसं बसलेली, बऱ्याचशा सात-आठ वर्षांच्या मुली आणि त्यांच्या आया, सगळ्यांनी वर बघितलं. एक स्टार तिथेच कापला. फॉर्मवर टिक करायची सोय करा हो, काय खर्च येतो त्याला. (त्या छोट्या मुली का आल्या होत्या तेही नंतर डॉक्टरांकडून कळलं. मुलींमध्ये ८ ते १३ या वयात सुरुवात होणं नॉर्मल, ८ च्या आधी दिसलं तर दाखवायचं, आणि लवकर सुरू होण्याच्या केसेस मुलींच्याच जास्त येतात.)

पण मोजमाप! ते बघण्यासारखं. भिंतीला लावलेली उंची मोजायची पट्टी, बूट मोजे काढायचे, टाचा पाठ डोकं टेकवायचं, सिस्टरने हनुवटीखाली हात धरून मान सरळ केली आणि तीनदा मोजलं. १४५.२. म्हणजे शाळेच्या कार्डावरची उंची बुटासकट होती बहुतेक. मी विचारलं तीनदा कशाला, तर म्हणाल्या एका सेंटिमीटरची चूक म्हणजे दोन-तीन महिन्यांची वाढ इकडची तिकडे होते. मग ते १८ वर्षांपर्यंतच्या भारतीय मुलांच्या तक्त्यावर मांडलं, बालरोगतज्ज्ञांच्या संघटनेचा २०१५ चा तक्ता आहे तो. पोराचा ठिपका मधल्या रेषेच्या बराच खाली, पण नॉर्मल पट्ट्याच्या आत.

इथे आमच्या स्वयंपाकघराच्या चौकटीने लाज राखली. दर पाडव्याला आम्ही पेन्सिलने खूण करतो, तारखेसकट, आणि नवऱ्याने निघताना त्याचा फोटो काढून टेप लावून आकडे लिहून आणले होते. मी हसले होते त्याला. डॉक्टर मात्र एकदम खूश, म्हणाले हा कागद कुठल्याही ब्लड टेस्टपेक्षा भारी आहे. वर्षाला ५ सेंमी, मग साडेचार, मग ४. मला वाटलं कमी होतंय म्हणजे संपलं, तर ते म्हणाले उलट, वयात येण्याच्या अगदी आधी वेग थोडा मंदावतो, उशिरा येणाऱ्या मुलांत तर जास्तच जाणवतो, आणि तेव्हाच घरचे घाबरून पळत येतात. जाणाऱ्यांनी एवढं करा, शाळेची कार्डं, लसीकरणाची फाईल, जिथे जिथे उंची लिहिली असेल ते सगळं घेऊन जा.

डॉक्टर बोलले ते पोराशी, आमच्याशी नाही. हे मला सगळ्यात आवडलं. "तू सांग, कोण म्हणालं इथे यायला, तू की आई?" तो म्हणाला आई. मग प्रश्न सुरू, डोकं दुखतं का, दिसायला अंधुक होतं का, पोट बिघडतं का सारखं, दम्याचा पंप आहे का, किती खेळतोस, किती जेवतोस. मध्येच विचारलं, आईने फोडणी दिली की आतल्या खोलीत वास येतो का? पोरगा म्हणाला, "डाळ करपली की तिच्याआधी मला कळतं." सगळे हसले, मी सोडून. नंतर समजलं हा प्रश्न गमतीचा नव्हता. काही मुलांमध्ये मेंदूकडून वयात येण्याचा सिग्नलच नीट निघत नाही आणि त्यातल्या काहींना जन्मापासून वास येत नाही, म्हणून विचारतात.

मग गाडी नवऱ्यावर. तुम्ही कधी उंच झालात? हा माणूस लग्नाला सोळा वर्षं झाली तरी मला कधी बोलला नव्हता ते तिथे सांगायला लागला, की दहावीपर्यंत प्रार्थनेच्या रांगेत पहिला उभा राहायचो, दाढी पहिल्यांदा केली ती कॉलेजच्या दुसऱ्या वर्षाला, आणि बारावीनंतर आईने एकाच वर्षात पँटची शिलाई दोनदा उसवून लांब केली. पोरगा बापाकडे बघतच राहिला. बाप आज १७० आहे. डॉक्टरांनी एवढंच म्हटलं, "मग हा कोणावर गेलाय?" उशिरा वयात येण्याचं मुलांमधलं सगळ्यात कॉमन कारण हेच, घराण्यातच गाडी उशिरा सुटते पण पोचते.

तपासणीच्या वेळी त्यांनी विचारलं आत कोण थांबलेलं चालेल, तर माझ्या लेकाने मला बाहेर काढलं. "आई, तू बस बाहेर, बाबा थांबतील." त्यामुळे पुढचं नवऱ्याकडून ऐकलेलं. पडद्यामागे, आधी काय करणार ते समजावून, विचारून, दोन मिनिटांत संपलं म्हणे. टेबलावर लाकडी मण्यांची माळ होती, लहानमोठे अंडाकृती १२ मणी, १ पासून २५ पर्यंत नंबर (मिलिलिटरचे). नवऱ्याने परतीच्या बसमध्ये शोधून काढलं की ही माळ स्वित्झर्लंडच्या प्राडर नावाच्या डॉक्टरांनी १९६६ मध्ये आणली आणि आजही जगभर हीच वापरतात. वृषणाचा आकार या मण्यांशी ताडून बघायचा. ३ पर्यंत लहानपण, ४ म्हणजे सुरुवात झाली, मोठ्या माणसात साधारण १५ ते २५.

आमचा ४ निघाला.

म्हणजे बघा, मी मिसरूड आणि आवाज बघत बसलेले आणि गाडी केव्हाच सुटली होती. मुलांमध्ये पहिली खूण हीच, आकार वाढणं, जी आईबापाला दिसत नाही आणि पोराला स्वतःलाही लक्षात येत नाही. जांघेतले केस त्यानंतर किंवा जरा पुढेमागे, आवाज फुटणं आणि मिसरूड मधल्या टप्प्यात, पूर्ण दाढी तर फार नंतर. काखेतला घामाचा वास किंवा थोडे केस आधी आले तरी ती खरी सुरुवात धरत नाहीत कारण ते वेगळ्या ग्रंथीच्या हार्मोनने येतं. मुलांमध्ये ९ ते १४ यात कधीही सुरू झालं तरी नॉर्मल, बहुतेकांचं साडेअकरा-बाराच्या आसपास. ९ च्या आधी दिसलं किंवा १४ पूर्ण होऊनही काहीच नाही तर डॉक्टरांकडे जायचं. पाच वर्षांचा पट्टा आहे हा! एकाच बाकावर बसणाऱ्या दोन पोरांपैकी एक आटपून बसलेला आणि दुसऱ्याचं सुरूही नाही, आणि दोघंही ठीक. भिंतीवर वयात येण्याच्या टॅनरच्या ५ पायऱ्यांचा तक्ता होता, पहिली म्हणजे अजून लहानपण, दुसरीपासून पाचवीपर्यंत जायला कोणाला दोन वर्षं लागतात कोणाला चार-पाच. जावेच्या पोराचं अकराला सुरू झालं एवढंच.

आणि उंचीचं. मुली सुरुवातीलाच ताडकन वाढतात, मुलांची जोरातली वाढ मधल्या टप्प्यात येते, तेव्हा वर्षाला ९-१० सेंमी पण होते. म्हणून सातवी-आठवीत मुली पोरांच्या वर डोकं काढतात. डाव्या हाताचा एक्स-रे काढला, हाडाचं वय बघायला, ते निघालं बाराच्या आसपास. पोरगा १३ वर्षं ८ महिन्यांचा आणि हाडं बाराची, म्हणजे वाढायला जागा शिल्लक आहे. आईबापाच्या उंचीवरून एक अंदाज काढतात तोही तिथेच कागदावर मांडून दाखवला, माझे १५५ आणि ह्यांचे १७०, बेरजेत १३ मिळवायचे आणि अर्धे करायचे, आले १६९, आठ-नऊ सेंमी इकडे तिकडे. १६ नंतर उंची थांबते या पावडरवाल्या बाईच्या वाक्यावर ते फक्त "हं" म्हणाले. मुलं साधारण १७-१८ पर्यंत वाढतात, उशिरा सुरू झालेली त्याहून पुढे.

नवऱ्याने हळूच विचारलं, इंजेक्शन वगैरे? म्हणाले आता कशाला. १४ उलटूनही काहीच सुरू नसतं आणि मुलाला फार त्रास होत असता तर काही महिने टेस्टोस्टेरॉनचा छोटा डोस देऊन ढकलगाडी सुरू करता येते, पण ही सुरू झालीये. ग्रोथ हार्मोनला तर कारणच नाही. थायरॉइड आणि हिमोग्लोबिनचे रिपोर्ट आम्ही नेले होते, तेच बघितले, परत करायला लावले नाहीत. फी ९००, एक्स-रे वेगळा. औषध शून्य. खाली मेडिकलवाल्याने हात पुढे केला तर आमच्याकडे चिठ्ठीच नव्हती.

शेवटी त्यांनी पाच मिनिटं पोराला एकट्याला बोलावलं. काय बोलले ते त्याने सांगितलं नाही, पण दोन गोष्टी एसटीत खंबाटकीच्या आसपास बाहेर आल्या, की छातीवर गाठीसारखं दुखेल कदाचित, निम्म्याहून जास्त पोरांना होतं, वर्ष-दोन वर्षांत जातं, घाबरायचं नाही. आणि झोपेत वीर्य बाहेर पडून चादर ओली झाली तर तो आजार नाही. हे मी कसं सांगितलं असतं कोण जाणे, आमच्या घरात तर अंडरवेअर हा शब्दसुद्धा "आतले" असा म्हणतात.

अजून एक कुरकुर, जे माहितीपत्रक देतात ते फक्त इंग्रजीत. पुण्यात बसून मराठी छापायला काय हरकत आहे? सासूबाईंना वाचून दाखवायचं होतं, मला जागेवर भाषांतर करावं लागलं आणि अर्धे शब्द मी गिळले.

अपडेट, सहा महिन्यांनी : फॉलोअपला जाऊन आलो. उंची १४८.४, मणी ६ नंबर. मिसरूड अजून नाही. काखेचा वास मात्र असा सुरू झालाय की पीटीच्या दिवशी दप्तर गॅलरीत ठेवायला लागतं. कबड्डी परत सुरू केलीये, १४ खालच्या टीममध्ये आता वयात बसत नाही याचं दुःख आहे. चौकटीवर पाडव्याची वाट न बघता दर रविवारी स्वतः खूण करतो, पेन्सिलने सगळा रंग खराब केलाय. रिसेप्शनवर तीच मुलगी, पण यावेळी फॉर्म हातात दिला आणि गप्प बसली, तर अर्धा स्टार परत.

जाणार असाल तर शनिवार टाळा, मरणाची गर्दी असते. पार्किंग नाही, टू-व्हीलरही गल्लीत लावावी लागते. आणि डबा बरोबर घ्या, आजूबाजूला फक्त एक सँडविचवाला आहे आणि तो १ वाजता बंद करतो.