स्कंकवर्क्स : काही महिने सतत ऐकल्यानंतर

आयर्न मेडन या ब्रिटिश हेवी मेटल बँडचा गायक ब्रूस डिकिन्सन याच्या सोलो अल्बमचा विषय निघाला की 'द केमिकल वेडिंग'चं नाव आधी येतं. १९९८ चा तो अल्बम थोर आहेच. पण गेले काही महिने माझ्याकडे वाजतोय तो त्याच्या दोन वर्षं आधीचा 'स्कंकवर्क्स', आणि आपण आयर्न मेडनच्या चाहत्यांनी या अल्बमवर अन्याय केलाय असं माझं ठाम मत झालंय.

ब्रूसने १९९३ मध्ये मेडन सोडलं. पुढे त्याने अलेक्स डिक्सन (गिटार), ख्रिस डेल (बेस) आणि अलेसांद्रो एलेना (ड्रम्स) ही तरुण मंडळी जमवली. बोस्नियातल्या युद्धात वेढा पडलेल्या सारायेव्होत १९९४ च्या डिसेंबरात जाऊन वाजवणारे हेच. त्याला अल्बमवर 'स्कंकवर्क्स' हे बँडचं नाव हवं होतं. रेकॉर्ड कंपनीने त्याचंच नाव छापायला लावलं. माझ्या मते घोटाळा तिथेच झाला. ब्रूसचं नाव बघून लोक मेडन शोधायला गेले आणि हाती आलं काहीतरी वेगळंच. निर्माता होता सिअ‍ॅटलचा जॅक एन्डिनो, निर्वाणा या बँडचा 'ब्लीच' हा अल्बम रेकॉर्ड करणारा. त्यामुळे इथला आवाज कोरडा आणि जवळचा आहे. मेडनसारखा घोडदौड करणारा बेस नाही, दोन गिटारींची जुगलबंदी नाही, बरीचशी गाणी तीन-चार मिनिटांत आटोपतात.

खरी कमाई आहे गाण्यात. ब्रूस इथे वरच्या पट्टीत फार वेळ थांबत नाही. मधल्या सप्तकात, शब्द स्वच्छ लावत गातो, आणि आवाज चढवतो तेव्हा ते चढणं अंगावर येतं. 'बॅक फ्रॉम द एज'चं धृपद चटकन तोंडात बसतं. 'इनर्शिया' मात्र हळूहळू मुरतं. सुरुवातीला मी ते सोडून पुढे जायचो, आता अल्बम लावतो तो बहुतेक त्याच्यासाठीच. हेडफोनवर ऐकाल तर ख्रिस डेलचा बेस नीट ऐकू येतो, तो चुकवू नका.

अल्बमचं नाव आलंय लॉकहीड या अमेरिकन विमान कंपनीच्या त्या गुप्त विभागावरून, जिथे एसआर-७१ ब्लॅकबर्ड हे हेरगिरीचं विमान जन्मलं. विमानवेड्या ब्रूसला शोभणारंच. फेब्रुवारी २००८ मध्ये मेडन बीकेसीत वाजायला आले तेव्हा बँडचं बोइंग ७५७ मुंबईत आणणारा वैमानिक तोच होता!

तेरा गाणी जरा जास्त होतात. उत्तरार्धात दोन-तीन गाणी एकसारखी वाटतात, सलग ऐकताना लक्ष उडतं, आणि हे इतके महिने ऐकूनही बदललेलं नाही. पण 'स्ट्रेंज डेथ इन पॅरडाइज' शेवटी येऊन सगळं सावरतं. अख्ख्या अल्बममधला सर्वांत गडद, सर्वांत मोकळा ब्रूस इथे भेटतो.

दौऱ्यानंतर हा बँड फुटला. १९९७ मध्ये मेडनचा जुना गिटारिस्ट एड्रियन स्मिथला घेऊन ब्रूस 'अ‍ॅक्सिडेंट ऑफ बर्थ'मधून पुन्हा हेवी मेटलकडे वळला आणि १९९९ मध्ये मेडनमध्ये परतला. या चौघांचा दुसरा अल्बम झालाच नाही, याची मला मनापासून हळहळ वाटते. 'स्कंकवर्क्स' घ्यायचाच असेल तर २००५ ची दोन सीडींची आवृत्ती शोधा. दुसऱ्या सीडीवर लाइव्ह गाणीही आहेत, आणि हा बँड स्टेजवर किती घट्ट वाजायचा ते तिथे कळतं.